फलाटाची रुंदी



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘ठाणे स्टेशन’ म्हणालो. त्यांनी सुचवले की ‘रेल्वे आणि प्रबोधन’ असे नाव द्या, पत्रिकेत बरे दिसेल. मी म्हटले, प्रबोधनावर याच व्यासपीठावर माझ्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत, मला स्टेशनच राहू द्या. शिवाय ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ नोकरीची सगळी वर्षे पास काढून मुंबईला जात होते. त्यांना हा विषय परका वाटला नसता. आज रविवार आहे आणि मेगाब्लॉकही आहे, त्यामुळे उशिरा येऊन मागे उभे राहिलेल्यांकडे कोणी रागाने पाहू नये. विषयाची तयारी तेच करून आले आहेत.

ठाणे स्टेशनचा इतिहास म्हटला की गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. शनिवार होता. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी निघाली. आत ४०० पाहुणे होते, बाहेर २१ तोफांची सलामी झाली आणि साहिब, सिंध, सुलतान या तीन इंजिनांनी ती २१ मैल ओढून ठाण्याला आणली. तंबू ठोकून मेजवानी झाली. इंजिनाला लोक ‘चाक्या म्हसोबा’ म्हणत असेही सांगतात. हे सगळे आपण शाळेत पाठ केले आहे, दर १६ एप्रिलला वर्तमानपत्रांत वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्टेशनात कोपराने वाट काढत गाडी पकडतो. या दोन ठाण्यांमध्ये जे घडले त्याबद्दल मला बोलायचे आहे. त्यासाठी मी एकच माप घेतले आहे. फलाटावर माणसाला उभे राहायला किती जागा मिळाली, एवढेच.

पहिला प्रश्न असा की गाडी ठाण्यालाच का आली? ठाण्याच्या लोकांना मुंबईला नेण्याची कोणाची इच्छा होती म्हणून नव्हे. १८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनिअरच्या मनात आले की मुंबई, कुर्ला, ठाणे अशी लोहवाट काढून ती थळ आणि बोर घाटांना भिडवावी. घाटापलीकडचा कापूस बंदरात यावा, हा हेतू. पुढे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी त्यात मन आणि पैसा घातला. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी कायद्याने स्थापन झाली, ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाला हात लागला, आणि जेम्स बर्कली या मुख्य इंजिनिअरच्या देखरेखीखाली अडीच वर्षांत रूळ ठाण्यापर्यंत आले. ठाण्याला थांबण्याचे कारण खाडी. साष्टी बेट इथे संपते. पुढे पूल हवा आणि मुंब्र्याचा डोंगर फोडायला हवा. ते होईपर्यंत ठाणे शेवटचे स्टेशन राहिले, आणि ते होताच, म्हणजे १ मे १८५४ रोजी, गाडी कल्याणला गेली. शेवटचे स्टेशन होण्याचा मान आपल्याला मिळाला तो एक वर्ष आणि एक पंधरवडा. भारतातल्या पहिल्या गाडीचे मुक्कामाचे ठिकाण असलेले हे स्टेशन त्यानंतर कायमचे वाटेवरचे झाले.

ही गोष्ट मी जरा ताणून सांगतो आहे, कारण आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ तिच्यात आहे. शेवटच्या स्टेशनात गाडी येऊन उभी राहते. माणसे सावकाश उतरतात, दुसरी सावकाश चढतात. वाटेवरच्या स्टेशनात ती अर्धा मिनिट थांबते, आणि तेवढ्यात उतरणाऱ्यांना उतरायचे असते व चढणाऱ्यांना चढायचे. मुक्कामाच्या स्टेशनाला इमारत लागते, वाटेवरच्या स्टेशनाला फलाट लागतो. बोरीबंदरला इमारत मिळाली. फ्रेडरिक स्टीव्हन्सने दहा वर्षे खपून ती १८८८ मध्ये पुरी केली आणि आज जग ती पाहायला येते. ठाण्याला कोणी इमारत बघायला येत नाही, आणि त्याची मला खंत नाही. फलाट मात्र मिळायला हवा होता.

तेव्हा गाव लहान होते. जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या, तुरुंग झालेला किल्ला, तलाव, चेंदणीचा कोळीवाडा. १८६३ मध्ये नगरपालिका झाली, १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघाला, १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १९०१ च्या शिरगणतीत ठाण्याची वस्ती सुमारे १६ हजार होती. तेवढ्या गावाला ते स्टेशन प्रशस्तच वाटले असणार. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाख ४० हजारांच्या वर गेली. गाव शंभरपटीहून अधिक वाढले. फलाट लांब होत गेले, संख्येने वाढले, पण ज्या दोन रुळांच्या मधे ते बसवले ते रूळ जिथल्या तिथे राहिले.

मधल्या काळातल्या दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला. १.३ किलोमीटर लांब. त्याआधी कल्याणची गाडी डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाई. आता ठाण्याहून दिव्याला सरळ जाणारी वाट तयार झाली, आणि स्लो व फास्ट हा भेद, ज्यावर आज आपले सगळे आयुष्य बेतलेले असते, तो इथे पक्का झाला. दुसरी तारीख ३ फेब्रुवारी १९२५. व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची पहिली गाडी धावली, आणि काही वर्षांत वीज ठाण्यावरून कल्याणपलीकडे गेली. वाफेचे इंजिन स्टेशनात आल्यावर फिरवावे लागे, पाणी घ्यावे लागे. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन. आली तशी परत निघाली. त्यामुळे गाड्या वाढवता आल्या, गाड्या वाढल्या म्हणून मुंबईचा नोकरदार ठाण्याला घर घेऊ लागला, आणि तो घर घेऊ लागला म्हणून गाड्या पुन्हा अपुऱ्या पडल्या. ही फुगडी शंभर वर्षे चालू आहे.

यानंतर ठाण्याचे जे झाले ते मुंबईच्या इतर उपनगरांचे झालेले नाही. १९६२ च्या सुमारास औद्योगिक विकास महामंडळाने वागळे इस्टेट वसवली. बेलापूर रस्त्याला कारखान्यांची रांग लागली. म्हणजे सकाळी ठाण्याहून मुंबईला जाणारा लोंढा होताच, आता त्याच वेळी डोंबिवली-कल्याणहून ठाण्याला उतरणारा आणि मुलुंड-भांडुपहून उलटा येणारा असे आणखी दोन लोंढे सुरू झाले. आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग उघडला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. आज पनवेलपर्यंत जाता येते, आणि जानेवारी २०२४ पासून दिघा गाव हेही स्टेशन त्या वाटेवर आहे. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकलही याच मार्गावर धावली, जानेवारी २०२० मध्ये.

या ट्रान्स हार्बर मार्गाचे कौतुक झाले आणि ते रास्त आहे. कल्याणच्या माणसाला वाशीला जायला कुर्ल्याचा फेरा वाचला. पण स्टेशनावर काय झाले ते पाहा. तोवर ठाण्याचा प्रवासी पश्चिमेकडून किंवा पूर्वेच्या कोपरीकडून येई, पूल चढे, आपल्या फलाटावर उतरे. आता त्याच पुलावर स्टेशनाच्या बाहेर कधीच न जाणारी माणसे आली. कर्जत-कसाऱ्याच्या फास्टने पाच-सहा नंबरच्या फलाटावर उतरायचे, पूल चढायचा, नऊ-दहावर उतरायचे आणि वाशी गाडी पकडायची. दर तीन-चार मिनिटांनी एक फास्ट, तिच्यातून उतरणारे शेकडो, आणि त्यांना आडवे जाणारे तितकेच. मार्ग नवा आला, त्याचे फलाट नवे आले, पण बदलीच्या प्रवाशाला पाच-सहावर उतरायला जागा लागेल याचा हिशेब बऱ्याच वर्षांनी झाला.

आता या पाच-सहावर जरा थांबू. आपल्यातले बरेच जण रोज थांबतातच.

पाच आणि सहा हा एकच फलाट आहे, दोन्ही अंगांना जलद गाड्यांचे रूळ. पुलाचे जिने मधोमध उतरतात. जिना म्हटला की त्याला दोन्ही बाजूंनी भिंत आली, खांब आला, आणि जिन्याच्या पोटात जी जागा उरते ती कुणाच्याच कामाची नाही. तिथे टेबल असते, कचऱ्याचे डबे असतात, कधी एखादे कुत्रे. जिन्याच्या बगलेत फलाटाची जी पट्टी राहते तिच्यावरून एका वेळी दोन-तीन माणसे कशीबशी जातात, आणि त्यातले बाहेरचे माणूस पिवळ्या पट्टीवर असते. नेमके जिन्यासमोरचे डबे पकडायला गर्दी जास्त, कारण उतरल्यावर दादरला, घाटकोपरला जिना कुठे येतो हे प्रत्येकाला पाठ असते. म्हणजे फलाट जिथे सर्वांत अरुंद, तिथेच माणूस सर्वांत दाट. संध्याकाळी साडेसहानंतर इथे उभे राहून बघा. मुंबईहून फास्ट येते, बारा डबे, सुमारे पाव किलोमीटर लांबीची. दारे उघडी असतातच. गाडी पुरती थांबायच्या आत पहिली रांग उतरलेली असते, तिच्यामागून दुसरी ढकलत येते, आणि खाली चढणारे दाराच्या दोन्ही कडांना चिकटून उभे असतात, मधे वाट ठेवून. ही वाट ठेवायला कुणी शिकवलेले नाही. कुठे फलकही नाही. त्यातच मालडब्यासमोर पाटी घेऊन उभी असलेली मावशी ‘सरक रे बाबा’ म्हणते आणि सगळे सरकतात, कुठे ते त्यांनाच माहीत. उतरलेला लोंढा जिन्याशी पोहोचेपर्यंत समोरच्या रुळावर दुसरी गाडी लागते.

रेल्वेच्या परिभाषेत लोकलच्या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नाव आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसे. डब्यातल्या गर्दीला असे माप आहे, नाव आहे. तीच माणसे त्याआधी दहा मिनिटे फलाटावर उभी असतात आणि त्यानंतर पाच मिनिटे जिन्यावर, तिथल्या गर्दीला नाव नाही. किती फेऱ्या वाढवल्या, किती गाड्या वेळेवर धावल्या हे दरवर्षी अहवालात येते. फेऱ्या वाढवणे म्हणजे त्याच फलाटावर तेवढ्याच वेळात जास्त माणसे ओतणे, हे अहवालात येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की स्टेशनाकडे आपण, म्हणजे रेल्वेने आणि प्रवाशांनीही, गाडीत चढण्याची जागा म्हणून पाहिले. माणसे उभी राहण्याची जागा म्हणून पाहिलेच नाही.

या दुर्लक्षाची किंमत काय असते ते २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडला दिसले. पाऊस आला, माणसे पुलावरच थांबली, खालून गाड्यांतून उतरलेले वर चढत राहिले, आणि त्या अरुंद जिन्यावर २३ जणांचा जीव गेला. त्या दिवशी ना गाडी रुळावरून घसरली, ना सिग्नल चुकला. रुंदी कमी पडली. पुढे तिथला नवा पूल लष्कराने बांधून दिला. त्या सकाळी तिथे जे झाले ते ठाण्याला झाले नाही याला नशीब म्हणायचे की आपल्या प्रवाशांचा सराव, मला ठरवता येत नाही.

ठाण्याच्या पाच-सहाला न्याय मिळाला तो २०२४ मध्ये. मे संपता संपता मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला. पाच नंबरच्या बाजूचा रूळ उचलून पलीकडे सरकवला, मोकळ्या झालेल्या पट्टीत आधीच ओतून ठेवलेले सिमेंटचे ठोकळे बसवले, आणि फलाट दोन ते तीन मीटर रुंद झाला. त्याच सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाही लांब पल्ल्याच्या फलाटांचे काम होते, त्यामुळे नऊशेहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. तीन दिवस शिव्याशाप झाले, कचेऱ्यांनी घरून काम करा म्हणून सांगितले, आणि रविवारी दुपारी काम संपले. मला त्या कामगारांचे आणि इंजिनिअरांचे मनापासून कौतुक आहे. रूळ उचलून बाजूला ठेवणे हे खायचे काम नाही, वर विजेची तार असते, तीही सरकवावी लागते. पण हेही लक्षात घ्या की पहिली गाडी आली तिला तेव्हा १७१ वर्षे झाली होती, ट्रान्स हार्बरला वीस, आणि काम झाले तीन दिवसांत. म्हणजे अडचण कधीच अशक्य नव्हती. ती कुणाच्या यादीत वर नव्हती.

तीच गोष्ट ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाची. २००८ च्या सुमारास मंजूर झालेले काम फेब्रुवारी २०२२ मध्ये खुले झाले. आता फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने जातात आणि १९१६ चा बोगदा लांबच्या गाड्यांना दिला आहे. जुन्या प्रवाशांना अजून बोगद्याची आठवण येते. बोगदा आला की दारातले आत सरकत, कोणी तरी आरोळी ठोके. पण नव्या वाटेवर वळणे आहेत, आणि ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासून खाली पडली आणि त्यातली काही गेली. लगेच आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दारे बंद झाली तर पडणारा वाचेल, हे खरे. मग दारात मावत होता तो माणूस फलाटावर राहील. तिथे त्याला जागा आहे का, हा प्रश्न मला पुन्हा त्याच मापापाशी आणतो.

सोयींबद्दल बोलतो म्हणून पत्रिकेत छापले आहे, तेव्हा तेही करतो, पण थोडक्यात. सरकते जिने आले, लिफ्ट आल्या. ज्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे त्याला विचारा, तो दुवा देतो. तिकिटाची यंत्रे आली, मग मोबाइलवर तिकीट आले आणि खिडकीपुढची रांग ओसरली. गेल्या पंचवीस वर्षांत ठाणे स्टेशनवर झालेली सर्वांत गुणाची सुधारणा मी हीच मानतो, कारण तिने जागा खाल्ली नाही, उलट मोकळी केली. पश्चिमेला सॅटिस झाला, म्हणजे बस वर, रिक्षा खाली. वरची बस बरी चालते. खालचे रिक्षांचे काय चालते ते रिक्षावाल्यांनाही सांगता येणार नाही. स्वच्छतागृहे फलाटाच्या टोकाला असतात आणि बायकांना तिथे संध्याकाळी एकटे जायला नको वाटते. याबद्दल महिला प्रवाशांनी किती वेळा लिहून दिले आहे, आणि दर वेळी उत्तरात नवे बांधकाम प्रस्तावित असल्याचे कळते. स्टॉल मात्र प्रस्तावित राहत नाहीत, ते लगेच उभे राहतात, आणि बरेचदा जिन्याच्या तोंडाशीच. वडापावला माझा विरोध नाही. त्याच्या जागेला आहे.

एक गोष्ट प्रवाशांच्या बाजूची. जागा मिळत नाही तिथे ठाण्या-कळव्याच्या माणसाने स्वतःची व्यवस्था लावली. कळव्याचे लोक पहाटे कारशेडपर्यंत चालत जाऊन ठाण्याला सुटायला निघालेल्या रिकाम्या गाडीत चढतात, कारण कळव्याला थांबणाऱ्या गाडीत पाय ठेवता येत नाही. ठाण्याचे लोक एक-दोन स्टेशने उलट दिशेला जाऊन, म्हणजे ‘डाउन’ करून, बसून परत येतात. डब्यात भजनी मंडळे आहेत, दसऱ्याला डब्याला तोरण लागते, लेडीजमध्ये हळदीकुंकू होते, भाजी निवडली जाते. यावर हौशी लेख पुष्कळ लिहिले जातात, ‘मुंबईचे स्पिरिट’ वगैरे. मला त्या लेखांचा कंटाळा आला आहे. चौथ्या सीटवर अर्धे बूड टेकून भाजी निवडणारी बाई कौतुकाला पात्र आहेच, पण तिचे कौतुक करून तिला तिसरी सीट मिळत नाही.

आता पुढचे. ठाणे आणि मुलुंड यांच्या मधे, मनोरुग्णालयाच्या जागेत, नवे स्टेशन होते आहे. जागेचा वाद काही वर्षे न्यायालयात होता, २०२३ मध्ये वाट मोकळी झाली. घोडबंदर, वागळे इस्टेटकडची माणसे तिथे वळतील आणि जुन्या स्टेशनाचा भार उतरेल अशी अपेक्षा आहे. मेट्रोही येते आहे, आणि ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. हे सगळे चांगले आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण मेट्रोतून उतरलेला माणूस शेवटी लोकलच्या फलाटावरच येणार आहे. २००४ मध्ये जे झाले ते पुन्हा व्हायला नको.

म्हणून या सभागृहातल्या प्रवासी संघटनांच्या कार्यकर्त्यांना आणि ठाणेकरांना माझी एकच विनंती आहे. निवेदने लिहिताना आपण आजवर जादा गाड्या मागितल्या, थांबे मागितले, सरकते जिने मागितले. यापुढे नव्या स्टेशनाचा नकाशा मागा. फलाट किती मीटर रुंद, जिना उतरतो तिथे बगलेत किती मीटर उरतात, पूल किती रुंद, मेट्रोकडून येणाऱ्यांचा रस्ता आणि बाहेरून येणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे की एकच, एवढ्या चार गोष्टी लेखी घ्या. आकडे कमी वाटले तर आताच भांडा. सिमेंट ओतून झाल्यावर पुढचा ६३ तासांचा ब्लॉक कधी मिळेल हे सांगता येत नाही.